मंदावलेला थायरॉइड आणि मेंदूची जपणूक

एका ३४ वर्षांच्या बाईंनी हा प्रश्न विचारला आहे. सहा-सात महिन्यांपासून त्यांना बोलता बोलता नेमका शब्द आठवत नाही, हातातले काम झाले की राहिले याची खात्री वाटत नाही आणि दुपारनंतर डोक्यावर झापड आल्यासारखे होते. तपासणीत टीएसएच (थायरॉइडला कामाला लावणारे, मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीचे संप्रेरक; थायरॉइड मंदावली की ते वाढते) ६२ आणि फ्री टी-४ (थायरॉइडच्या संप्रेरकाचा रक्तातला मोकळा भाग) बराच कमी आढळला, लेव्होथायरॉक्सिनची, म्हणजे तयार टी-४ ची, गोळी सुरू झाली आणि तिला आता तीन आठवडे झाले, तरीही फारसा फरक जाणवत नाही. हायपोथायरॉइडिझममुळे, म्हणजे थायरॉइड मंदावल्यामुळे, मेंदू कायमचा खराब होतो असे त्यांच्या वाचनात आले आहे, आणि येत्या वर्षात मूल व्हावे अशी इच्छा असल्याने ही धास्ती दुप्पट झाली आहे. झालेली इजा भरून निघेल का, आणि पुढे ती होऊ नये म्हणून नेमके काय करावे, असे त्या विचारतात.

ज्याची सर्वांत जास्त भीती वाटते आहे त्याबद्दल आधी लिहिते. प्रौढ वयात थायरॉइड मंदावल्यामुळे आलेला विसराळूपणा आणि सुस्ती योग्य उपचाराने बहुतेक रुग्णांत ओसरते. कायमची इजा होते ती मेंदू घडत असताना, म्हणजे गर्भात आणि जन्मानंतरच्या पहिल्या दोन-तीन वर्षांत, संप्रेरक कमी पडले तर. त्यामुळे तुमच्या एका प्रश्नाची दोन उत्तरे आहेत. तुमच्या स्वतःच्या मेंदूसाठी वेळ हाताशी आहे. होणाऱ्या बाळाच्या मेंदूसाठी तो अगदी मोजका असतो, आणि त्याची तयारी दिवस राहण्याआधीच करावी लागते.

असे का, हे समजून घेतले तर पुढच्या सूचना पाळणे सोपे जाईल. थायरॉइड, म्हणजे गळ्यासमोरची अवटू ग्रंथी, मुख्यतः टी-४ हे संप्रेरक तयार करते. पेशींमध्ये प्रत्यक्ष काम करते ते टी-३, आणि ते टी-४ मधला आयोडीनचा एक अणू काढून टाकल्यावर तयार होते. मेंदूत हे रूपांतर मुख्यत्वे चेतापेशींच्या शेजारच्या, त्यांना आधार देणाऱ्या तारकापेशी करतात. त्या रक्तातून आलेले टी-४ घेतात, त्याचे टी-३ करतात आणि ते चेतापेशींना पुरवतात. रक्तातले टी-४ कमी होऊ लागले की तारकापेशींतले हे रूपांतर अधिक जोमाने होऊ लागते, म्हणजेच मेंदू शक्य तितके दिवस स्वतःला सांभाळून घेतो. टीएसएच किंचित वाढलेला पण टी-४ नेहमीइतकेच, अशा माणसाच्या स्मरणशक्तीला सहसा धक्का लागत नाही, त्याचे हे एक कारण आहे. तुमच्यासारखा टी-४ बराच खाली गेला असेल, तर मात्र ही तजवीज अपुरी पडते.

घडत असलेल्या मेंदूत याच टी-३ चे काम वेगळे असते. गर्भातल्या मेंदूच्या पेशी जिथे जन्मतात तिथून आपापल्या थरात सरकत जातात, त्यांना फांद्या फुटतात, एकमेकींशी जोडण्या होतात आणि तंतूंवर मायलिनचे आवरण चढते. यातली प्रत्येक पायरी ठरावीक आठवड्यांत व्हायची असते आणि तिला टी-३ चा इशारा लागतो. तो वेळेवर मिळाला नाही तर ती पायरी अर्धवट राहते, आणि नंतर कितीही औषध दिले तरी ती वेळ परत येत नाही. पूर्ण वाढलेल्या मेंदूत ही घडण आधीच झालेली असते. तिथे संप्रेरक कमी पडले की पेशी मंद चालतात, मेंदूचा रक्तपुरवठा आणि ग्लुकोजचा वापर घटतो, स्मृतीशी संबंधित हिप्पोकॅम्पस या भागाचे काम ढिले पडते. पण पेशी बहुतांशी शाबूत असतात आणि संप्रेरक पुरेसे मिळू लागले की कामाला लागतात.

हे आजच्या औषधांमुळे कळले असे नाही. १८८८ साली लंडनच्या क्लिनिकल सोसायटीने मिक्सिडिमा, म्हणजे थायरॉइड पूर्ण निकामी झाल्यावरची अवस्था, हिच्यावर मोठा अहवाल प्रसिद्ध केला. त्यात अनेक रुग्णांमध्ये भ्रम आणि भास नोंदवलेले होते. त्यानंतर तीनच वर्षांनी, १८९१ मध्ये, जॉर्ज मरे या तरुण डॉक्टरांनी मेंढीच्या थायरॉइडचा अर्क एका ४६ वर्षांच्या स्त्रीला टोचायला सुरुवात केली. बोलणे जड झालेली, हालचाल मंदावलेली ती स्त्री काही महिन्यांत बदलली आणि उपचार चालू ठेवून पुढे २८ वर्षे जगली. १९४९ मध्ये रिचर्ड ॲशर यांनी वेडसर ठरवलेल्या १४ रुग्णांची हकीकत लिहिली; त्यांचा आजार मुळात थायरॉइडचा होता आणि त्यांतले अनेक जण उपचारानंतर पूर्ववत झाले. इतक्या टोकाला गेलेले मेंदू परत येऊ शकतात, हे मी घाबरलेल्या रुग्णांना आवर्जून सांगते.

माझ्या स्वतःच्या पाहण्यातले एक उदाहरण देते. आयुष्यभर हिशेब लिहिलेले एक साठीच्या पुढचे गृहस्थ स्मृतिभ्रंश झाला म्हणून माझ्याकडे आले होते. मुलगा त्यांच्या वतीने बोलत होता, कारण विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर द्यायला त्यांना इतका वेळ लागे की समोरचा माणूस ते उत्तर स्वतःच देऊन टाकी. मी त्यांना खुर्चीवर गुडघे टेकवून उभे केले आणि घोट्यामागच्या स्नायुबंधावर लहान हातोडीने टिचकी मारली. पाऊल झटकन खाली गेले, पण परत जागेवर येताना हळूहळू, जणू पाण्यातून वर यावे तसे आले. पोटरीचा स्नायू असा सावकाश सैल पडणे ही थायरॉइड फार मंदावल्याची जुनी आणि भरवशाची खूण आहे. त्यांचा टीएसएच शंभरावर निघाला. पाच महिन्यांनी ते एकटेच आले, आणि मला प्रश्न पुरा करू न देता उत्तर देऊ लागले. स्मृतिभ्रंशाच्या प्रत्येक रुग्णाचे असे होत नाही; अल्झायमरसारखा आजार मुळात असेल तर थायरॉइडच्या गोळीने तो जात नाही. पण वाढत्या विसराळूपणाला एखादे नाव चिकटवण्याआधी टीएसएच आणि बी-१२ जीवनसत्त्व तपासलेच पाहिजे, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

आता तुमच्या तीन आठवड्यांबद्दल. टी-४ चे रक्तातले अर्धायुष्य, म्हणजे त्याचे प्रमाण निम्मे व्हायला लागणारा काळ, सुमारे सात दिवसांचे असते, म्हणून रोज तीच गोळी घेतल्यावर रक्तातली पातळी स्थिरावायला पाच ते सहा आठवडे लागतात, आणि टीएसएच त्यानंतरच खऱ्या अर्थाने वाचता येतो. सुधारणेलाही एक क्रम असतो. आधी थंडी वाजणे, बद्धकोष्ठ, चेहऱ्याची सूज आणि अंगाचा जडपणा कमी होतो; लक्ष लागणे, शब्द आठवणे आणि डोके हलके वाटणे मागून येते, आणि त्याला तीन ते सहा महिने, क्वचित अधिकही लागतात. तुम्हाला आज फरक जाणवत नाही याचा अर्थ इजा कायमची आहे असा होत नाही. उत्तर मिळण्याची वेळच अजून आलेली नाही. याच काळात घाबरून गोळी वाढवणे किंवा, त्याहून वाईट, ती बंद करणे या दोन चुका मी सर्वांत जास्त पाहते.

गोळी कशी घेतली जाते यावर मेंदूला किती संप्रेरक मिळते हे ठरते, आणि इथे थोडा अधिक वेळ देणे योग्य आहे. लेव्होथायरॉक्सिनचे आतड्यातले शोषण सहज अडते. ते सकाळी उपाशीपोटी साध्या पाण्याबरोबर घ्यावे आणि नंतर किमान अर्धा तास, शक्यतो तासभर काही खाऊ नये. चहा, कॉफी आणि दूधही त्यात आले. सकाळ धावपळीची असेल तर रात्री झोपताना, शेवटच्या खाण्यानंतर तीन तासांनी घेतले तरी चालते, फक्त वेळ रोज तीच असावी. लोहाची गोळी, कॅल्शियम आणि आम्लपित्तावरची ॲल्युमिनियमयुक्त औषधे यांच्यात व थायरॉइडच्या गोळीत चार तासांचे अंतर हवे. पित्तासाठी रोज घेतली जाणारी ओमेप्राझोलसारखी औषधेही शोषण कमी करतात. ती बंद करण्याची गरज नसते, पण डॉक्टरांना सांगावे लागते. फेनिटॉइन व कार्बामाझेपिन ही फिट्सवरची आणि रिफाम्पिसिन हे क्षयरोगावरचे, अशी औषधे शरीरातले टी-४ लवकर संपवतात, त्यामुळे ती नव्याने सुरू झाली तर डोस पुन्हा तपासावा लागतो.

एखाद्या दिवशी गोळी राहिली तर आठवताच घ्यावी. अर्धायुष्य मोठे असल्याने दुसऱ्या दिवशी दोन घेतल्या तरी बहुतेकांना काही होत नाही, हृदयविकार असलेल्यांनी मात्र डॉक्टरांना विचारूनच तसे करावे. गोळ्या दमट आणि गरम जागी ठेवू नयेत. औषधाची कंपनी बदलली तर सहा ते आठ आठवड्यांनी टीएसएच पुन्हा करावा. मी रुग्णांना गोळ्यांची पट्टी बरोबर आणायला सांगते आणि रिकामी घरे मोजते. विसराळूपणा हाच ज्याचा आजार आहे तो माणूस गोळीही विसरतो, म्हणून आठवड्याच्या सात खणांची डबी आणि घरातल्या एखाद्याची नजर ही इथे उपचाराचाच भाग आहे.

डोस किती असावा? ज्यांची ग्रंथी जवळजवळ काम करत नाही अशा तरुण, हृदय निरोगी असलेल्या व्यक्तीला दर किलो वजनामागे रोज साधारण १.६ मायक्रोग्रॅम लागतात. वृद्धांना किंवा हृदयविकार असलेल्यांना १२.५ किंवा २५ मायक्रोग्रॅमपासून सुरू करून सावकाश वाढवतात, कारण इतके दिवस मंद चाललेल्या हृदयाला एकदम दौडवणे धोक्याचे असते. जास्त डोस घेतला तर मेंदू लवकर सावरेल, हा समज मात्र मनातून पूर्ण काढून टाकावा. संप्रेरक गरजेपेक्षा अधिक झाले की टीएसएच दबतो, झोप उडते, चित्त अस्वस्थ होते, हाडे ठिसूळ होतात आणि वाढत्या वयात हृदयाचे ठोके अनियमित पडू लागतात. या अनियमित ठोक्यांमुळे हृदयात रक्ताची गुठळी होऊन ती मेंदूत गेली तर पक्षाघात होतो. ज्याला वाचवायचे त्यालाच इजा करण्याचा हा मार्ग आहे. टीएसएच प्रयोगशाळेच्या सामान्य मर्यादेत, म्हणजे साधारण ०.४ ते ४ च्या दरम्यान, आणि महिनोन्महिने तिथेच राहिलेला असणे ही मेंदूसाठी सर्वांत चांगली स्थिती.

तरीही काही जणांचे डोके टीएसएच सुधारल्यावर मोकळे होत नाही, आणि अशा वेळी ‘रिपोर्ट नॉर्मल आहे’ एवढे सांगून रुग्णाला परत पाठवणे मला अन्यायाचे वाटते. थायरॉइडवर स्वप्रतिकारशक्तीचा हल्ला झालेल्या माणसांत, आणि हाशिमोटोचा आजार हा त्याचा सर्वांत नेहमीचा प्रकार आहे, बी-१२ च्या कमतरतेचे प्रमाण अधिक आढळते. ती राहून गेली तर चेतातंतूंना खरोखरच कायमची इजा होऊ शकते. लोहाची कमतरता, सीलिअ‍ॅक आजार (गव्हातल्या ग्लुटेनमुळे आतड्याला होणारी इजा), नैराश्य आणि झोपेत श्वास अडकणे हीसुद्धा पाहण्याजोगी कारणे आहेत. यातले शेवटचे फार दुर्लक्षित आहे. थायरॉइड मंदावल्यावर जीभ आणि घशातले ऊतक सुजते, वजन वाढते, रात्री श्वास पुन्हा पुन्हा अडतो आणि मेंदूला प्राणवायू कमी मिळतो. मोठ्याने घोरणे, रात्री दचकून उठणे आणि सकाळी डोके दुखणे यांपैकी काही असेल तर झोपेची तपासणी करून घ्यावी.

टी-४ च्या जोडीला टी-३ ची गोळी द्यावी का, हा प्रश्न दर आठवड्याला कोणीतरी विचारतेच. आजवरच्या चाचण्यांत ही जोडी एकट्या टी-४ पेक्षा सातत्याने सरस ठरलेली नाही. तरी इतर सर्व कारणे तपासून झाल्यावरही त्रास उरला, तर तज्ज्ञांच्या देखरेखीखाली काही महिने तो प्रयोग करून पाहणे गैर नाही. मूल हवे असताना मात्र मी त्याला स्पष्ट नकार देते. गर्भाचा मेंदू आपले टी-३ मुख्यतः आईकडून आलेल्या टी-४ पासून स्वतः तयार करतो. आईच्या रक्तातले तयार टी-३ त्याच्या फारसे उपयोगी पडत नाही. प्राण्यांच्या वाळवलेल्या थायरॉइडच्या गोळ्यांत टी-३ चे प्रमाण जास्त असते, म्हणून त्याही या काळात टाळाव्यात.

पूरक गोळ्यांबद्दल थोडक्यात. आयोडीन शरीराला लागते, पण प्रौढाची रोजची गरज १५० मायक्रोग्रॅम एवढीच असते आणि आयोडीनयुक्त मीठ नियमित वापरात असेल तर ती सहसा भागते. समुद्री शेवाळाच्या गोळ्यांत याच्या कित्येक पट आयोडीन असू शकते, आणि हाशिमोटो असलेल्या ग्रंथीला ते अधिकच मंद करते. केसांसाठी घेतल्या जाणाऱ्या बायोटिनचा धोका वेगळा आहे: ते थायरॉइडला काही करत नाही, पण अनेक प्रयोगशाळांच्या चाचणीत टीएसएच खोटा कमी आणि टी-४ खोटे जास्त दाखवते. असा रिपोर्ट पाहून कोणी डोस कमी केला, तर आधीच उपाशी असलेला मेंदू आणखी उपाशी राहतो. रक्त देण्याआधी दोन-तीन दिवस, आणि मात्रा मोठी असेल तर त्याहून अधिक दिवस, बायोटिन बंद ठेवावे.

आता बाळाकडे येते, कारण तुमच्या प्रश्नातला खरा तातडीचा भाग हाच आहे. गर्भाची स्वतःची थायरॉइड साधारण बाराव्या आठवड्याच्या सुमारास काम सुरू करते, पण पुरेसे संप्रेरक तयार करू लागायला अठरा ते वीस आठवडे उजाडतात. तोपर्यंत बाळाच्या मेंदूला मिळते ते आईचे टी-४, वारेतून गेलेले. पहिल्या काही आठवड्यांत तर स्त्रीला दिवस गेल्याचे कळलेलेही नसते. म्हणून पहिली सूचना अशी की, टीएसएच २.५ च्या खाली येऊन तिथे स्थिर होईपर्यंत गर्भधारणा लांबवावी. तुमच्या बाबतीत याला चार ते सहा महिने लागतील असे धरून चाला. ठरवलेल्या वर्षात ते बसते.

दुसरी सूचना दिवस राहिल्यानंतरची. गरोदरपणात संप्रेरकाची गरज पाचव्या-सहाव्या आठवड्यापासूनच वाढते, आणि निरोगी ग्रंथी ती आपसूक भागवते. तुमची ग्रंथी ते करू शकणार नाही. गर्भचाचणी सकारात्मक आल्याच्या दिवशीच डोस सुमारे २५ ते ३० टक्क्यांनी वाढवायचा असतो, आणि त्याची सोपी रीत म्हणजे आठवड्याला सातऐवजी नऊ गोळ्या, म्हणजे दोन ठरलेल्या दिवशी दोन-दोन. हे कसे करायचे ते तुमच्या डॉक्टरांशी आताच बोलून लिहून ठेवा, कारण नेमक्या त्या आठवड्यात त्यांची वेळ न मिळाल्यामुळे महिना वाया गेलेल्या स्त्रिया मी पाहिल्या आहेत. त्यानंतर विसाव्या आठवड्यापर्यंत दर चार आठवड्यांनी टीएसएच, आणि तिसाव्याच्या सुमारास पुन्हा एकदा. गरोदरपणात लोह आणि कॅल्शियमच्या गोळ्या सुरू होतात, आणि सगळ्या एकत्र सकाळी घेतल्या की चांगला जुळलेला टीएसएच पुन्हा चढतो. थायरॉइडची गोळी सकाळी, कॅल्शियम दुपारच्या जेवणानंतर आणि लोह रात्री, अशी वाटणी बहुतेकींना जमते. गरोदरपणात आयोडीनची गरज रोज २५० मायक्रोग्रॅमपर्यंत जाते आणि तुम्ही गोळी घेत असलात तरी ते हवेच, कारण उत्तरार्धात बाळाची ग्रंथी स्वतःचे संप्रेरक त्यातूनच बनवते. आयोडीनची कमतरता हे जगभरात मेंदूच्या टाळता येण्याजोग्या इजेचे सर्वांत मोठे कारण मानले जाते.

ही इजा किती असते, याचा अंदाज १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासातून येतो. गरोदरपणात थायरॉइड कमी असूनही उपचार न मिळालेल्या स्त्रियांची मुले सात ते नऊ वर्षांची झाल्यावर तपासली गेली, तेव्हा त्यांचा बुद्ध्यांक तुलनेतल्या मुलांपेक्षा सरासरी ७ गुणांनी कमी होता. दुसरीकडे, २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत सौम्य दोष असलेल्या स्त्रियांना साधारण तेराव्या आठवड्यापासून गोळी दिली गेली, आणि तीन वर्षांच्या मुलांच्या बुद्ध्यांकात काही फरक दिसला नाही. माझ्या मते यातून दोन गोष्टी समजतात. सौम्य दोष असलेल्या आईने मागच्या महिन्यांचा हिशेब करून स्वतःला दोष देण्याचे कारण नाही. आणि ज्या आईचा दोष ठळक आहे तिने तेराव्या आठवड्याची वाट मुळीच पाहू नये.

बाळ जन्मल्यावरची तपासणी ही तिसरी गोष्ट. साधारण दोन ते चार हजारांत एक बाळ जन्मतःच अपुऱ्या थायरॉइडचे असते. आईला हाशिमोटो असला तरी बाळाला हा दोष होईलच असे नाही, बहुतेक बाळांना तो नसतो. तरीही टाचेतून रक्ताचे थेंब घेऊन केली जाणारी तपासणी झालीच पाहिजे. १९७० च्या दशकात कॅनडातल्या क्वेबेकमध्ये जाँ द्युसो यांनी ती सुरू केली, आणि पुढे अनेक देशांत ती नेमाने होऊ लागली. तिची गरज अशासाठी की, आईचे टी-४ मिळत राहिल्यामुळे असे बाळ जन्मतः अगदी निरोगी दिसते. लांबलेली कावीळ, घोगरे रडणे, मोठी जीभ, बेंबीचा फुगवटा आणि बद्धकोष्ठ या खुणा दिसू लागेपर्यंत मोलाचे आठवडे गेलेले असतात. काही घरांत तर कौतुक चाललेले असते की बाळ किती गुणी, रडत नाही, उठवल्याशिवाय दूधही मागत नाही.

अशाच एका गुणी बाळाचा रिपोर्ट वेळेवर तयार होऊनही एका पाकिटात पडून राहिला होता आणि कोणी घरी कळवले नव्हते. ते बाळ माझ्याकडे आले तेव्हा अकरा आठवड्यांचे होते. उपचाराने त्याची वाढ सुधारली, ते चालायला लागले, शाळेतही जाऊ लागले. पण भाषा आणि आकडेमोड यांत ते मागेच राहिले, आणि दोन आठवड्यांच्या आत गोळी सुरू झालेली माझ्याकडे येणारी इतर मुले वर्गात इतरांच्या बरोबरीने आहेत. तेव्हापासून मी प्रत्येक आई-वडिलांना सांगते की तपासणी झाली एवढ्यावर थांबू नका, निकाल स्वतः मागून घ्या आणि डोळ्यांनी पाहा. दोष निघालाच तर दर किलो वजनामागे रोज १० ते १५ मायक्रोग्रॅम लेव्होथायरॉक्सिन पहिल्या दोन आठवड्यांतच सुरू व्हायला हवे. गोळी चमच्यात कुस्करून थोड्या आईच्या दुधात किंवा पाण्यात मिसळून द्यावी. बाटलीभर दुधात टाकली तर उरलेल्या दुधाबरोबर औषधही राहते. तीन वर्षांपर्यंत तपासण्या वारंवार कराव्या लागतात आणि त्यातली एकही चुकवण्यासारखी नसते. आई स्वतः लेव्होथायरॉक्सिन घेत असताना स्तनपान निर्धास्तपणे करू शकते.

घरातल्या वडीलधाऱ्यांसाठीही दोन शब्द लिहिते, कारण तुमचा रिपोर्ट पाहून त्यांच्याही तपासण्या केल्या जातील. वयानुसार टीएसएच थोडा वाढतोच. टी-४ सामान्य आणि टीएसएच १० च्या आत असलेल्या ६५ वर्षांवरील व्यक्तींना गोळी दिल्याने लक्षणांत सुधारणा होत नाही, हे २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या युरोपीय चाचणीत दिसले. अशा वेळी काही महिन्यांनी तपासणी पुन्हा करणे पुरते. मात्र ज्येष्ठ व्यक्तीने चालू असलेली गोळी सोडून दिली असेल, अंग थंड पडले असेल, नाडी मंद असेल आणि ती पूर्ण जागी होत नसेल, तर तो जिवावरचा प्रसंग असतो. संसर्ग, थंडी किंवा झोपेची गोळी यांमुळे असे घडते. मेंदूला प्राणवायू, सोडियम आणि साखर सगळेच कमी पडते. तिला घोंगडी पांघरून लगेच अतिदक्षता विभाग असलेल्या रुग्णालयात न्यावे. गरम पाण्याच्या पिशव्यांनी शेकू नये, कारण त्वचेतल्या वाहिन्या रुंदावून रक्तदाब कोसळू शकतो, आणि घरी गोळ्या कुस्करून तोंडात घालू नयेत.

तुमच्या वाचनात हाशिमोटो एन्सेफॅलोपथी हे नाव आले असेल. १९६६ साली प्रथम वर्णन झालेला हा आजार अतिशय विरळ आहे; त्यात झटके, गोंधळ आणि हातापायांची थरथर असते, तो संप्रेरक कमी पडल्याने होत नाही आणि स्टेरॉइडने सुधारतो. शब्द न आठवणे आणि झापड एवढ्यावरून त्याची चिंता करू नये. त्याहून अधिक लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट पिट्युटरीची आहे. दोष थायरॉइडऐवजी त्या ग्रंथीत असेल तर टीएसएच सामान्य दिसतो आणि फक्त फ्री टी-४ कमी असतो. तिथे गोळी सुरू करण्याआधी कॉर्टिसॉल हे मूत्रपिंडावरच्या ग्रंथीचे संप्रेरक तपासावे लागते. तुमचा टीएसएच ६२ असल्याने ही शक्यता तुमच्या बाबतीत उरत नाही.

तुमची पुढची तपासणी आणखी तीन ते पाच आठवड्यांनी करावी. तोवर रोज एक ओळ लिहीत जा: गोळी किती वाजता घेतली, आणि दिवसात शब्द किती वेळा अडला. त्या तपासणीत टीएसएच आणि फ्री टी-४ यांच्याबरोबर बी-१२, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) आणि टीपीओ अँटिबॉडी (हाशिमोटोची खूण) करून घ्या, मूल हवे आहे हे डॉक्टरांना पहिल्याच वाक्यात सांगा आणि चाचणी सकारात्मक आल्यास डोस किती वाढवायचा ते त्यांच्याकडून कागदावर घ्या. त्या सकाळी गोळी रक्त देऊन झाल्यावर घ्या, कारण गोळी घेतल्यानंतरचे काही तास फ्री टी-४ प्रत्यक्षापेक्षा जास्त दिसते.